पूर्ण झालेलं एकच वचन

मी आयुष्यभर जे लिहिलं त्याखाली माझं नाव कधी छापलं गेलं नाही. ते बरंच झालं, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. आता तसं वाटत नाही, म्हणून हा लेख नावानिशी देतो आहे.

माझा धंदा निवडणुकीचा जाहीरनामा लिहिण्याचा. अख्खा नव्हे, त्यातला एकच भाग: आर्थिक विकास आणि रोजगार. तोही आमच्या किनारपट्टीपुरता. मुळात मी अलिबागला ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. चौलकडे घरची नारळ-सुपारीची वाडी, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. पक्षाच्या एका मेळाव्यात आमच्या साहेबांचं भाषण लिहून दिलं, ते त्यांना आवडलं, आणि तेव्हापासून मी पक्षाचा 'मास्तर' झालो. पक्षाचं नाव देत नाही. दिलं तरी फार फरक पडणार नाही. इतर पक्षांतले माझे भाऊबंद हेच काम याच पद्धतीने करतात, आणि आम्ही एकमेकांच्या जुन्या पुस्तिकांमधून बिनदिक्कत उचलतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं की जाहीरनामा म्हणजे मोठमोठे तज्ज्ञ बसून काहीतरी ठरवतात. समिती असते खरी, तिची नावं पहिल्या पानावर छापलेली असतात. त्यातले निम्मे लोक बैठकीला चहापुरते येतात आणि उरलेले आपापल्या गावचा पूल घालायला सांगून जातात. लिहिणारा एकटाच असतो. त्याच्यापुढे गेल्या वेळचा जाहीरनामा, समोरच्या पक्षाचा जाहीरनामा आणि तालुक्यातालुक्यांतून आलेल्या मागण्या. या तिन्हींतून त्याने असं काही काढायचं, की वाचणाऱ्याला ते आपल्याच गावाबद्दल आहे असं वाटावं.

रोजगाराच्या प्रकरणाची गंमत वेगळी. तिथे सगळ्यात आधी आकडा ठरतो. इतक्या नोकऱ्या देऊ. तो वरून येतो. मग आम्ही खाली बसून तो कुठून येणार हे शोधतो. इतक्या मासळीतून, इतक्या पर्यटनातून, इतक्या उरणकडच्या गोदामांतून. एकदा साहेबांनी माझा मसुदा वाचून भुवया चढवल्या.

"मास्तर, शेवटी शून्यं फार दिसतायत."

"वरूनच तसा आकडा आलाय, साहेब."

"आला असेल. पण शून्यं दिसली की माणसाला संशय येतो. आकडे थोडे मोडून टाका."

मी थोडे मोडून टाकले. अर्थशास्त्राची पदवी मला तेवढ्यापुरती उपयोगी पडली. मोडलेला आकडा खरोखरच जास्त खरा दिसतो.

मागण्या गोळा करायला आम्ही गावोगाव बैठका घ्यायचो. त्या बैठका मला आवडायच्या. म्हसळ्याजवळच्या एका गावात एक म्हातारे गृहस्थ शेवटपर्यंत गप्प बसले होते. मी म्हटलं, काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तर म्हणाले, "तुम्ही नोकऱ्या म्हणताय त्या चांगल्याच आहेत. पण आमच्याकडे एसटी येते ती दुपारची, आणि आली तशी फिरते. त्या एसटीत बसून जाता येईल आणि त्याच एसटीने परत येता येईल अशी एखादी नोकरी असली तर तेवढी लिहा." सगळे हसले. मीही हसलो आणि घरी येऊन 'दळणवळणाच्या माध्यमातून रोजगारनिर्मिती' असं लिहिलं. त्यांना एक एसटी हवी होती. ती मी लिहिली नाही, कारण एका एसटीने प्रकरण भरत नाही.

हरिहरेश्वरला तर एकाने आमची पंचाईतच केली. त्याच्या घरगुती खोल्या होत्या, बायको जेवण करायची. रस्ता रुंद करू, पर्यटक वाढतील, असं आमचे लोक सांगत होते. हा उठला आणि म्हणाला, "माझी मागणी अशी आहे की रस्ता करू नका."

"अहो, असं काय करता?"

"आत्ता रस्ता खराब आहे म्हणून माणूस येईपर्यंत थकतो. थकतो म्हणून रात्रीचा राहतो. रस्ता गुळगुळीत केलात तर दर्शन घेईल, भजी खाईल आणि संध्याकाळी घरी जाईल. मी काय भज्यांवर मुलांची लग्नं करू?"

अर्थशास्त्राच्या वर्गात इतकं स्वच्छ कुणी बोललं नव्हतं. तरी जाहीरनाम्यात रुंदीकरणच गेलं. पुढे काही वर्षांनी तो मला अलिबागच्या बाजारात भेटला, हात जोडून म्हणाला, "तुमच्या पक्षाचे उपकार आहेत. रस्ता केला नाहीत." त्याने वर एक मजला चढवला होता.

हे मी हसवण्यासाठी सांगत नाही. यात आमच्या धंद्याचं एक गुपित आहे. आम्ही लिहिलेलं बहुतेक काही होत नाही, आणि होत नाही म्हणून कुणाचं वाईटही होत नाही. लोक पाच वर्षांनी टोमणे मारतात, आम्ही ते ऐकून घेतो आणि पुन्हा लिहायला बसतो. या सवयीने लिहिणाऱ्याचा हात सैल होतो. आपण लिहिलेल्या ओळीवर उद्या खरोखर कुणी सिमेंट ओतेल, हे त्याच्या मनातच येत नाही.

माझी एक ओळ खरी झाली. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून एवढं लांबून आलो.

आमच्याकडे विधानसभेच्या निवडणुका बहुधा दिवाळीच्या आगेमागे असतात. म्हणजे जाहीरनाम्याची जुळवाजुळव भर पावसाळ्यात. गाडीच्या काचा वर, वायपर चालू, आणि आतून बघत बघत आम्ही तालुका पाहायचो. त्या वर्षी साहेबांना मासेमारीसाठी काहीतरी ठोस हवं होतं. 'ठोस' हा त्यांचा आवडता शब्द. आमचे तालुकाध्यक्ष जनार्दनभाऊ म्हणाले, रेवदंड्याच्या अलीकडे एका कोळीवाड्याला लागून खाडीकाठी सरकारी जागा आहे, चांगली मोठी, पडून आहे. तिथे मासळीवर प्रक्रिया करायचं केंद्र काढा, पोरापोरींना प्रशिक्षण द्या. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही.

आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. जागेवर कमरेएवढं गवत, एका बाजूला कुणाची शेळी बांधलेली. माणूस कोणी नाही. मी पँट वर करून थोडा आत गेलो. गवतात पायाखाली लहान लहान गोल खड्डे लागत होते, पाण्याने भरलेले. एकामागे एक, सरळ रांगेत. दुसरी रांग तिच्याशेजारी.

"भाऊ, हे कसले खड्डे?"

"खेकड्यांची बिळं असतील. या मास्तर, गाडीत या, पुन्हा येतोय तो."

मी किनाऱ्यावर वाढलेला माणूस आहे. खेकडा रांग धरून बीळ खणत नाही, हे मला त्या क्षणी माहीत होतं. मी भाऊंना पुढे काही विचारलं नाही. पाऊस आलाच होता, आणि संध्याकाळपर्यंत मसुदा द्यायचा होता. घरी येऊन मी लिहिलं: 'बंदरालगतच्या मोकळ्या व विनावापर शासकीय जागेवर मत्स्यप्रक्रिया व कौशल्य विकास केंद्र उभारून स्थानिक तरुण-तरुणींना रोजगार देऊ.' वाक्य चांगलं झालं होतं. साहेब म्हणाले, "हे ठोस आहे."

पुस्तिका छापायला गेल्यावर त्याच गावात देवळाच्या मंडपात आमची बैठक झाली. मी केंद्राबद्दल सांगितलं. बायका पुढे बसल्या होत्या. त्यांतली एक उठली. नाकात मोठी नथ, आवाज लाऊडस्पीकरची गरज नसलेला. तिचं नाव चांगुणाबाई, हे मला नंतर कळलं.

"ते केंदर का काय ते समदं खरं. माझ्या रोहिदासला काय? बारावी शिकलाय. बापासंगं होडीवर जायला बघत न्हाय, मोबाईल बघतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "अगं, मोबाईलचं केंदर काढायला सांग!"

"तू गप रं! तुझा तर मोबाईल पन बघत न्हाय, निस्ता झोपतो."

मी म्हटलं, "केंद्र झालं की रोहिदासला तिथे काम मिळेल. इथेच, आईच्या डोळ्यांसमोर."

तिने टाळ्या वाजवल्या. तिला पाहून सगळ्या बायकांनी वाजवल्या. केंद्र नेमकं कुठे होणार, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. 'बंदरालगत' एवढंच त्यांनी ऐकलं.

दसरा झाला. प्रचाराच्या गाडीतून मी रेवदंड्याला निघालो होतो. त्या वळणावर आल्यावर मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. गवत कापलेलं होतं. जमीन शेणाने सारवून अंगणासारखी झाली होती. बांबू उभे होते, एका रांगेत, दुसरी रांग तिच्याशेजारी. बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बोंबील लटकत होते. खाली जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, पसरलेला, उन्हात गुलाबी. बायका टोपल्या घेऊन फिरत होत्या, काही नुसत्या कावळे हाकत बसल्या होत्या.

ते त्यांचं खळं होतं. मासळी सुकवायची गावाची जागा. पावसाळ्यात मासेमारी बंद, सुकवायला ऊन नाही, म्हणून बांबू उपटून घरोघरी माळ्यावर ठेवतात आणि जागा गवताला सोडून देतात. आठ महिने गाव जिच्यावर जगतं ती जागा मी नेमकी उरलेल्या चार महिन्यांत बघितली होती. माझ्या धंद्यात ही चूक कधीतरी होणारच होती, कारण आमची सगळी पाहणी पावसाळ्यात होते. पण खड्डे मी पाहिले होते.

मी त्याच संध्याकाळी साहेबांना सांगितलं. "ती जागा मोकळी नाही. तिथे बायका मासळी सुकवतात."

साहेब चहा पीत होते. माणूस वाईट नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मास्तर, आता छापून झालं. एक दुरुस्ती छापली तर मग लोक म्हणतील, बाकीचंही दुरुस्त करा." आणि हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

शिवाय मला खात्री होती की ते होणारच नाही. कधी काही झालं होतं?

आमचा पक्ष निवडून आला. वर्षभराने साहेबांना दाखवायला काहीतरी हवं होतं. पूल महाग, रस्ता लांबलचक, गोदामं दुसऱ्याच्या हातात. केंद्र स्वस्तात होण्यासारखं होतं आणि जागेची कटकट नव्हती, कारण ती मोकळी असल्याचं आधीच छापलेलं होतं. एके दिवशी खात्याच्या इंजिनिअरचा मला फोन आला. "सर, ती खाडीकाठची जागा म्हणजे शेळी बांधतात तीच ना?"

आणखी एक संधी मला मिळाली होती. पावसाळा होता. मी खिडकीतून आमच्या वाडीतल्या पोफळी बघत होतो. मी म्हटलं, "हो, तीच."

बायका विरोध करतील असं मला वाटलं होतं. तेवढी ओरड झाली नाही. त्यांना सांगितलं गेलं की तुमच्यातल्या काहीजणींना आत काम मिळेल, पोरांना मिळेल, आणि सुकवायचं काय, ते कुठेही सुकतं. पुढच्या हंगामापर्यंत भिंत घातली गेली. आत इमारत, फरशी, समोर रंगीत ब्लॉक, फाटक. उद्घाटनाला साहेब आले, मी मागच्या रांगेत बसलो. पॅकिंगचं मशीन आलं. त्याला लागणारं वीजजोडणीचं काम कुठेतरी अडकलं. प्रशिक्षणाचे एक-दोन वर्ग झाले, त्यात मासळीच्या पाकिटावर चिठ्ठी कशी चिकटवायची ते शिकवलं. मग केंद्र बंद झालं. अधिकृतपणे ते बंद नाही. त्याला 'प्रतीक्षेत' म्हणतात.

एक नोकरी मात्र खरोखर निर्माण झाली. बंद केंद्राला वॉचमन लागला. तिथे रोहिदासला लावलं. मी दिलेला शब्द असा अक्षरशः खरा झाला: इथेच, आईच्या डोळ्यांसमोर. त्याचं काम काय, तर आत कुणाला येऊ न देणं. आणि आत येऊ बघणाऱ्या कोण, तर मासळी सुकवायला जागा शोधणाऱ्या बायका, त्यांत पहिली त्याची आई.

बायका रस्त्याच्या कडेला सुकवायला लागल्या. गाड्यांची धूळ बसायची, कुत्री ओढून न्यायची. बोंबलात रेती लागते म्हणून गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. शनिवार-रविवारी मुंबईहून आलेले लोक गाडीच्या काचा वर करून मोबाईलवर वासाची तक्रार करायचे. एकेक करून घरं सुक्या मासळीतून बाहेर पडली. हे मी ऐकून होतो. त्या रस्त्याने जायचं मी टाळत होतो. रेवदंड्याला काम निघालं तर दुसऱ्याला पाठवायचो.

गेल्या वर्षी पाऊस लागायच्या आधीच नवीन जाहीरनाम्याचं काम सुरू झालं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "पूर्ण केलेल्या वचनांचं एक पान करा. पहिलं ते केंद्र घ्या. फोटो चांगला हवा." फोटोग्राफरला घेऊन मलाच जावं लागलं.

आम्ही पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं. आत खुर्चीवर रोहिदास, निळा शर्ट, शिट्टी गळ्यात. बाहेर भिंतीला लागून जाळं अंथरून चांगुणाबाई जवळा पसरत होती. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता.

"रोहिदास, सरक ना जरा. तुझी सावली पडतेय जवल्यावर."

"मी आत हाय, आये. माझी सावली कशी पडंल?"

"मग तुझ्या केंदराची पडतेय. त्याला सांग सरकायला."

"तुला किती वेला सांगितलं, भिंतीला चिकटून न्हाय लावायचं. खात्याचा साहेब आला तर माझ्यावर येतं."

"येऊ दे. माझ्या पोटातून आलास तवा कुनाला इचारून आलास?"

फोटोग्राफर हसायला लागला. रोहिदासने मला ओळखलं आणि उभा राहिला. "सर, आत या ना. चावी हाय."

मी आत गेलो नाही. फोटोग्राफरला म्हटलं, तू चहा पिऊन ये. आणि चांगुणाबाईच्या शेजारी, जाळ्याच्या कडेला टेकलो. असं काही करायचं मी ठरवून आलो नव्हतो. तिने बघितलं नाही. बोटांनी जवळा पातळ करत राहिली.

मी म्हटलं, "चांगुणाबाई, ही जागा मोकळी आहे असं जे छापलं होतं, ते मी लिहिलं होतं."

"तू?" तिने हात थांबवला. "मी समजत व्हते सायबानं लिवलं."

"साहेबांनी नाही. मी. बघायला आलो होतो पावसात. बांबूचे खड्डे दिसले होते मला. मी विचारलं नाही."

फाटकाच्या आत रोहिदास ऐकत होता. मला वाटलं, ही आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि बहुधा तिला ते कळलं.

"मग मना कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी काय तहसीलदार हाय? आमी दोन वरसं ओरडतोय का हंगामापुरता आतला चौक द्या, आमी झाडून देऊ. तर बोलतात, हितं कवा कोन मासली सुकवतच नव्हतं, जागा मोकली व्हती. पुस्तकात छापलंय बोलतात. आता ग्रामसभा हाय. तिथं येऊन बोल, पुस्तक खोटं हाय म्हनून. मना सांगून तू मोकला व्हशील, माझा जवला कुटं वालंल?"

मी उठलो. फोटोग्राफरला फोन करून परस्पर घरी जायला सांगितलं.

ग्रामसभेला जायचं की नाही, याचा मी खूप विचार केला असं लिहिलं तर शोभून दिसेल. खरं सांगायचं तर मी भीत होतो. पक्ष सोडल्यावर मी कोण, हा प्रश्न होता. कॉलेज केव्हाच सोडलं होतं. घरी बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी भाषणं लिहिलीत. एक स्वतः करा." तिला वाटत होतं तेवढं ते सोपं नव्हतं.

मंडप तोच. जनार्दनभाऊ पुढच्या खुर्चीत. विषय आला तेव्हा मी हात वर केला. मी गावचा मतदार नाही म्हणून सरपंच घुटमळले, तेवढ्यात मागून चांगुणाबाईचा आवाज आला, "बोलू द्या त्याला. पयल्यांदा बोलला तवा पन गावचा नव्हता." लोक हसले आणि मला बोलायला मिळालं.

मी लांबण लावली नाही. सांगितलं की जागा विनावापर असल्याचं वाक्य माझं आहे, ते चूक आहे, आणि ते चूक असल्याचं मला इमारत होण्याआधी माहीत होतं. पाहणी पावसाळ्यात झाली होती. दसऱ्यानंतर मी खळं डोळ्यांनी पाहिलं होतं. विचारलं जाईल तिथे मी हे पुन्हा सांगेन.

जनार्दनभाऊ उठले. "मास्तरांची तब्येत हल्ली बरी नसते," ते माझ्याकडे बघून हळुवारपणे म्हणाले. "तेव्हा गाडीत मी होतो बरोबर. मी काय आंधळा होतो का?"

मी म्हटलं, "नाही भाऊ. तुम्हाला भिजायचं नव्हतं. मलाही नव्हतं."

त्यावर ते बसले. चौक हंगामापुरता बायकांना द्यावा असा ठराव झाला. तो वर गेला, फिरला, पुन्हा खाली आला. मी दोनदा तहसीलदारांकडे जाऊन तेच सांगितलं. साहेबांचा एकच फोन आला, अगदी प्रेमाने. "मास्तर, यंदाचं काम जरा तरुण मुलाकडे देतोय. तुम्ही आराम करा." इतक्या वर्षांचं नातं एवढ्यावर संपलं. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या जागी त्यांनी नेमलेला मुलगा हुशार आहे, पाहणी त्यानेही पावसाळ्यातच केली.

या हंगामाला केंद्राचा चौक बायकांना मिळाला. किल्ली ग्रामपंचायतीकडे आली आणि तिथून चांगुणाबाईच्या कमरेला. पण त्याबरोबर दुसरी गोष्ट झाली, जी माझ्या मनात आली नव्हती. यायला हवी होती. जागा गावाने वापरायला घेतली म्हटल्यावर खात्याने वॉचमन काढून टाकला. राखायला आता काही उरलं नाही, असं म्हणाले. रोहिदासची नोकरी गेली. मी निर्माण केलेली एकमेव नोकरी मीच घालवली. आईच्या हाताखाली काम करायला तो तयार नव्हता. उरणकडे कंटेनरच्या गाडीवर गेला. जाताना मला रस्त्यात भेटला, मी थांबलो, तो थांबला नाही.

मी जातो तिकडे अधूनमधून. पहिल्यांदा गेलो तेव्हा चांगुणाबाई म्हणाली, "जागा आली, पोरगा गेला. तुमच्या पुस्तकात ह्ये कुटं लिवतात?" मी म्हटलं, कुठेच नाही. तिने मला कावळे हाकायला बसवलं. ते काम मला जमतं.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी अवेळी आभाळ भरून आलं. चौकभर जवळा पसरलेला. बायकांची एकच पळापळ. प्रत्येक जाळ्याला दोघी लागतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला, नाहीतर माल मधे घसरतो. घरोघरच्या जोड्या ठरलेल्या. चांगुणाबाईच्या जाळ्याला दुसरं टोक धरणारं कोणी नव्हतं.

"मास्तर, काय आबाल बघतोस? धर ते टोक! न्हाय तसं न्हाय, मूठ वलव! पल आता!"

मी धावलो. तिने केंद्राचं दार खांद्याने ढकललं. एकामागून एक जाळी आत आली. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये, त्या कधीच न चाललेल्या मशीनच्या भोवती, साहेबांच्या फोटोखाली, साऱ्या फरशीवर जवळा पडला. बाहेर पाऊस कोसळला. बायका दम टाकत हसत होत्या. एकजण म्हणाली, "चला, एकदाचं केंदर चालू झालं!"

चांगुणाबाईचा फोन वाजला. हात ओले म्हणून तिने तो जमिनीवरच ठेवून बोट लावलं. रोहिदासचा आवाज हॉलभर घुमला.

"आये, हितं पाऊस लागलाय. तिथं हाय का? जवला उचललास का?"

"उचलला. आत आनलाय समदा."

"एकटीनं?"

"मास्तर व्हता दुसऱ्या टोकाला."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

मग रोहिदास म्हणाला, "त्यांना सांग, खाडीकडच्या भिंतीपासून लांब पसरा म्हनावं. त्या भिंतीला वल येते."

मी गुडघ्यांवर बसलो आणि जवळा भिंतीपासून मागे ओढायला लागलो.